उकळत्या कोषांचं गाणं

परवा माळा आवरताना जुन्या कॅसेट्सचा डबा सापडला. अर्ध्याअधिक कॅसेट्सना बुरशी आलेली, काहींवर नावंच नाहीत. त्यात एक होती मामेभावाने लंडनहून भरून आणलेली. ती भरताना त्याने मधूनच रेडिओसुद्धा टेप केला होता, त्यामुळे दोन गाण्यांमध्ये कोणीतरी इंग्रज माणूस हवामान सांगतो. त्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला एक गाणं होतं. शाळेत असताना मला त्याची चक्क भीती वाटायची. नाव 'बीइंग बॉइल्ड', गाणारे 'द ह्यूमन लीग'.

ह्यूमन लीग म्हटलं की माझ्या वयाच्या लोकांना (म्हणजे ज्यांना मुळात काही आठवतं त्यांना) एकच गाणं आठवतं, 'डोन्ट यू वॉन्ट मी'. हॉटेलातली वेट्रेस, तिला वर आणणारा पुरुष, दोघांची तू-तू मैं-मैं. 1981 च्या डिसेंबरमध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, नाताळात तिथेच राहिलं, आणि 1982 मध्ये अमेरिकेतही पहिलं आलं. गाणं छानच आहे, वाद नाही. पण मला सांगायचंय ते त्याच्या साडेतीन वर्षं आधीच्या गाण्याबद्दल. तेव्हा या बँडला शेफील्डबाहेर कुत्रंसुद्धा ओळखत नव्हतं.

शेफील्ड म्हणजे पोलादाचं गाव. आपल्याकडेही एकेकाळी घराघरात शेफील्डचा शिक्का असलेली एखादी सुरी किंवा कात्री असायची. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तिथले कारखाने एकेक करून बंद पडायला लागले होते. मार्टिन वेअर आणि इयान क्रेग मार्श ही तिथलीच दोन पोरं, पोटापाण्यासाठी कॉम्प्युटर ऑपरेटर. त्या काळी सिंथेसायझर ही श्रीमंत बँडवाल्यांची चैन होती, पण तोवर थोडी स्वस्त जपानी यंत्रं बाजारात आली होती. वेअरने कॉर्ग 700 एस घेतला, मार्शने रोलँड सिस्टिम 100. आधी 'द फ्यूचर' नावाचा ग्रुप काढून झाला, त्यातला गायक निघून गेला. मग वेअरला शाळेतला मित्र आठवला, फिलिप ओकी. ओकी तेव्हा हॉस्पिटलमध्ये पोर्टर होता, आणि त्याआधी तो कुठल्या बँडमध्ये गायलेला नव्हता. वेअर त्याच्या घरी गेला, तो भेटला नाही, म्हणून दारावर चिठ्ठी ठेवून आला. नवीन नाव त्यांनी घेतलं अंतराळातल्या युद्धाच्या एका बोर्ड गेममधून.

वेअरने त्याला टेप दिली, त्यावर नुसतं संगीत. दोनेक दिवसांत ओकी शब्द घेऊन परत आला. ते ऐकून बाकीच्या दोघांचे चेहरे कसे झाले असतील याची मी बरेचदा कल्पना करतो. प्रेम नाही, विरह नाही, राजकारण नाही. गाणं आहे रेशीमकिड्यांवर! त्यात थेट बुद्धाचा हवाला देऊन रेशीमशेती करणाऱ्यांना दटावलंय, आणि कोषातल्या किड्यांचे हाल ऐकवलेत. नावातलं उकळणं ते हेच.

ध्वनिमुद्रण केलं शेफील्डमधल्या एका बंद पडलेल्या कारखान्यात, घरगुती टेपरेकॉर्डरवर, मोनो. खर्च किती, तर अडीच पौंड, म्हणजे कोऱ्या टेपची किंमत. ड्रमवाला नाही, ड्रम मशीनसुद्धा नाही. तो जो धप्प-धप्प ठोका आहे, तो रोलँडमधूनच घडवलेला. शेफील्डच्या त्या पिढीतली मंडळी सांगतात की रात्री अंथरुणात पडल्यावर कारखान्यांतल्या घणांचे ठोके ऐकू यायचे. हे वाचलं आणि मला माझ्या लहानपणीच्या भीतीचं कारण समजलं. हा ठोका नाचायला लावणारा नव्हेच. रिकाम्या शेडमध्ये कोणीतरी एकटंच काहीतरी ठोकत बसलंय असा तो आवाज आहे. त्याच्यावर ओकीचा तो जाड, सपाट, सरकारी घोषणा केल्यासारखा गळा.

एडिंबरोच्या 'फास्ट प्रॉडक्ट' या छोट्याशा कंपनीने जून 1978 मध्ये हे सिंगल काढलं. ती कंपनी बॉब लास्ट नावाच्या माणसाने सुरू केली होती. पाठीमागच्या बाजूला 'सर्कस ऑफ डेथ', त्यात टीव्हीवरच्या एका मालिकेतला हवाईचा पोलीस विमानाने लंडनला उतरतो. (हे मी रचलेलं नाही!) त्या वेळी जॉनी रॉटन, म्हणजे सेक्स पिस्टल्सचा जॉन लायडन, एनएमई साप्ताहिकात पाहुणा म्हणून नव्या रेकॉर्ड्सचं परीक्षण करत होता. त्याने यांना 'ट्रेंडी हिप्पी' म्हणून उडवून लावलं. पंकवाल्यांकडून याहून मोठी शिवी नसावी. रेकॉर्डचं थोडंफार नाव झालं, पण चार्टमध्ये ती आली नाही.

पुढचं थोडक्यात. मोठ्या व्हर्जिन कंपनीबरोबर करार, 1979 आणि 1980 मध्ये दोन अल्बम, दोन्ही फारसे चालले नाहीत. 'बीइंग बॉइल्ड' पुन्हा एकदा नीट स्टुडिओत रेकॉर्ड करून दुसऱ्या अल्बममध्ये घातलं. ते जास्त भरीव आहे, जास्त सफाईचं आहे, आणि माझ्या मते त्यातली भीती निघून गेली आहे. असो. 1980 च्या शरद ऋतूत, युरोपचा दौरा तोंडावर असताना, बँड फुटला. वेअर आणि मार्श बाहेर पडले. नाव ओकीकडे राहिलं, आणि नावाबरोबर कर्ज आणि कबूल केलेले कार्यक्रमही त्याच्याच गळ्यात. ओकीने शेफील्डच्या एका डिस्कोत नाचणाऱ्या दोन शाळकरी मुली दौऱ्यासाठी बरोबर घेतल्या, जोअ‍ॅन कॅथरॉल आणि सुझन अ‍ॅन सली. लोक हसले. वर्षभरात त्याच बँडने 'डेअर' नावाचा अल्बम काढला आणि मग 'डोन्ट यू वॉन्ट मी' आलं.

आणि मग जे होतं तेच झालं. जानेवारी 1982 मध्ये ईएमआयने 'फास्ट प्रॉडक्ट'चं ते जुनं सिंगल पुन्हा बाजारात आणलं, आणि साडेतीन वर्षं कुणी न विचारलेलं गाणं ब्रिटनमध्ये सहाव्या क्रमांकावर गेलं! ठोका तोच, ओकी तोच, अडीच पौंडांची टेपही तीच. ज्या दोघांनी ते संगीत रचलं ते मात्र तोवर त्या बँडमध्ये नव्हतेच, ते 'हेवन 17' मध्ये होते. रेकॉर्डवर त्यांची नावं होती म्हणा. पण ज्यांनी ती विकत घेतली त्यांच्यातल्या किती जणांना वाटलं असेल की हे त्या वेट्रेसच्या गाण्याचं पुढचं गाणं! घरी जाऊन सुई टेकवल्यावर त्यांना काय वाटलं असेल, देव जाणे.

आता शब्दांकडे येतो, कारण खरं तर त्यासाठीच मी हे लिहायला बसलो.

या गाण्याबद्दल जिथे जिथे लिहिलं जातं तिथे एक हशा ठरलेला असतो. बुद्धाचा आणि रेशमाच्या किड्यांचा काय संबंध? खुद्द ओकीनेच पुढे मान्य केलं की त्याने हिंदू आणि बौद्ध धर्माची खिचडी केली होती. विशीतला इंग्रज पोरगा, कुठेतरी काहीतरी वाचलेलं, दिलं ठोकून. मीही बरीच वर्षं हसायचो. आईने एकदा स्वयंपाकघरातून 'बुद्ध' हा शब्द ओळखला होता आणि विचारलं होतं, काय म्हणतोय हा? मी अर्थ सांगितला. ती म्हणाली, "मग त्यात चूक काय आहे? उकळतातच की." आणि पोळीकडे वळली.

उकळतातच. म्हणजे काटेकोर सांगायचं तर बहुतेक ठिकाणी आधी वाफेने किंवा गरम हवेने आतला जीव मारतात आणि मग कोष गरम पाण्यात शिजवतात, म्हणजे धाग्यावरचा डिंकासारखा चिकटा सुटतो. पतंग कोष भोकसून बाहेर आला तर धागा तुटतो, आणि रेशमाची सगळी किंमत धागा सलग असण्यात आहे. एका कोषात कित्येकशे मीटर लांबीचा एकच धागा असतो, आणि किलोभर कच्च्या रेशमाला असे काही हजार कोष लागतात.

आणि बुद्ध? हे मला फार उशिरा कळलं. विनयपिटकात, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांत, निस्सग्गिय नावाचा एक गट आहे. निषिद्ध वस्तू मिळवली तर ती आधी टाकून द्यायची, मग दोष कबूल करायचा. त्यातला अकरावा नियम रेशमाचा आहे. गोष्ट आळवी गावातली. सहा जणांची एक उनाड टोळी होती भिक्षूंची. (विनयातले निम्मे नियम यांच्याचमुळे झाले असावेत.) ते रेशीमवाल्यांकडे गेले आणि म्हणाले, भरपूर किडे उकळा आणि आम्हालाही रेशीम द्या, आम्हाला त्याचं अंथरूण करायचंय. रेशीमवाले संतापले. त्यांचं म्हणणं असं की आम्ही पोटासाठी, बायकापोरांसाठी इतके जीव मारतो हेच आमचं दुर्दैव, आणि हे संन्यासी असून आम्हाला आणखी मारायला सांगतात! गोष्ट बुद्धापर्यंत गेली आणि नियम झाला: रेशीम मिसळलेलं अंथरूण भिक्षूने करवून घ्यायचं नाही.

म्हणजे शेफील्डच्या पोर्टरने अंदाजाने मारलेला दगड बरोबर लागला होता. अर्थात पूर्ण नाही. बुद्धाने रेशीमवाल्यांना धंदा बंद करा असं म्हटलेलं नाही, बोलणी बसली ती मागणाऱ्यांना. शिवाय भिक्षूंच्या चीवराला जी सहा प्रकारची वस्त्रं चालतात त्यांत रेशीम आहेच. म्हणजे पांघरायला चालतं, अंथरायला नाही. पालीत रेशमाला कोसिय म्हणतात, आणि आपल्याकडे भंडारा-गडचिरोलीकडे टसर रेशमाला लोक अजून कोसा म्हणतात. तो शब्द दिसल्यावर मला ती गोष्ट एकदम घरातली वाटायला लागली.

घरातली यासाठीही की आजीचा मुकटा मला आठवतो. देवपूजेला सुती धुतलेलं चालायचं नाही असं नाही, पण ते कोणी शिवलं की संपलं. रेशीम कायम सोवळं. ती मुंगीवर पाय पडला तरी 'अगं बाई' म्हणून मागे सरकायची, आणि कितीतरी हजार उकळलेले जीव नेसून नैवेद्य दाखवायची. ती दुटप्पी नव्हती. तिला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि मलाही ते सांगितलं एका इंग्रजी पॉप गाण्याने.

कोष न मारता काढलेलं रेशीमही मिळतं, त्याला अहिंसा रेशीम म्हणतात. ईशान्येकडे एरी रेशीम होतं, त्याचा कोष एका बाजूने उघडाच असतो, त्यामुळे किड्याला मारावं लागत नाही. (पण तिथे आतला किडा आवडीने खातात. सगळं साधं-सरळ कुठे असतं!) अहिंसा रेशमाचा धागा कातावा लागतो, त्याला ती चमक येत नाही.

पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न आहे आणि आईने पैठणीसाठी येवल्याला जायचं ठरवलंय. गाडी मी चालवणार आहे. काल सहज अहिंसा रेशमाचा विषय काढला तर म्हणाली, "बघू तिथे विचारून, पण पोरीचं लग्न आहे, काठ उठून दिसला पाहिजे." कॅसेट चालू होत नाहीये, पण गाणं फोनवर आहे. येवल्याच्या रस्त्यावर लावावं की नाही, अजून ठरत नाही.