शिकवणारा एक, पारखणारा दुसरा

कल्याणहून कर्जतकडे जाणारी गाडी धरली की विठ्ठलवाडी मागे पडते आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही गावे ओळीने लागतात. अंबरनाथचे शिवालय शके 982 मधले, म्हणजे साडेनऊशे वर्षांहून जुने. त्याचा इतिहास पुष्कळांनी सांगितला आहे. मला आज बोलायचे आहे ते बाजारातल्या जिन्यांवर टांगलेल्या पाट्यांविषयी. ‘टायपिंग व शॉर्टहँड’, ‘सर्व विषयांच्या शिकवण्या’, ‘गायन, हार्मोनियम, तबला’! पाटीवर कधी विद्यालय, कधी इन्स्टिट्यूट, कधी चक्क कॉलेज. वर जाऊन पाहावे, तर एक खोली, दोन बाके आणि एक सर. आपण हसतो, ‘नाव मोठे, लक्षण खोटे’ म्हणतो. पण ते लक्षण खरोखर खोटे होते का?

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी उभी राहिली होती. 1947 च्या फाळणीनंतर तिच्या रिकाम्या बराकींत सिंधमधले निर्वासित येऊन राहिले. 1949 मध्ये गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वस्तीचे ‘उल्हासनगर’ असे नामकरण झाले. तरी कँप नंबर एक, कँप नंबर दोन ही जुनी नावे लोकांच्या तोंडून गेली नाहीत. या लोकांना व्यापार शिकवावा लागत नव्हता. शिकारपूरच्या सराफांच्या हुंड्या मध्य आशियापर्यंत वटत, आणि हैदराबादच्या ‘सिंधवर्की’ व्यापाऱ्यांच्या पेढ्या देशोदेशी होत्या. हटवाणिका लिपीत खाते कसे लिहावे, हे कित्येकांना घरीच ठाऊक होते. पण मुंबईच्या कचेरीत हटवाणिकेला कोण विचारणार? तिथे इंग्रजी पत्र आणि टंकयंत्र हवे. शेजारच्या अंबरनाथला काडेपेटीचा आणि युद्धसामग्रीचा कारखाना. कारखाना म्हटला की हजेरीपट आले, पत्रव्यवहार आला आणि कारकूनही आलेच.

बरे, कॉलेजात जावे, तर कॉलेज कुठे होते? सिंधमधल्या हैदराबादेत 1922 साली नॅशनल कॉलेज निघाले होते. त्याच्याच चालकांनी इकडे आल्यावर 1949 मध्ये वांद्र्याला कॉलेज काढले. उल्हासनगरात त्यांचे चांदीबाई कॉलेज झाले ते 1960 नंतरच्या दशकात. तोपर्यंत आगगाडीचा पास आणि कॉलेजची फी ज्याला झेपत नसे, त्याच्यासाठी हे जिन्यावरचे कॉलेज होते. सकाळी एक तास शिकावे आणि मग कामावर जावे.

आता या खोलीला किंमत कोण देई? खोलीतल्या सरांची सही कचेरीत चालत नसे. चाले ते शासनाच्या वाणिज्य परीक्षेचे प्रमाणपत्र. मिनिटाला तीस शब्द, चाळीस शब्द! परीक्षकापुढे नाव नव्हे, नंबर असे. शिफारस नसलेल्या निर्वासिताच्या मुलाला आणि घरातून पहिल्यांदा नोकरीला निघालेल्या मुलीला याचा केवढा आधार! 1964 च्या राजभाषा अधिनियमाने शासनाच्या कारभारात मराठीला मान दिला आणि मराठी टंकलेखनाचीही गरज वाढली. ते काही सोपे नव्हे, बरे का. ऱ्हस्व वेलांटी बोलताना नंतर येते, पण यंत्रावर ती आधी मारायची. रफार मात्र मागाहून. कितीतरी अक्षरांत आधी अर्धे अक्षर, मग काना. सिंधी मुलाच्या बोटांनाही ती शिस्त अंगवळणी पाडून घ्यावी लागे.

गाण्याच्या क्लासाची गोष्टही अशीच. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, ते राजाच्या आश्रयावर नव्हे, तर लोकांच्या पैशावर. 1908 मध्ये ते मुंबईला आले. पुढे कर्जापायी तिथली इमारतही गेली. पण 1931 मध्ये त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले, आणि प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंतच्या परीक्षा गावोगाव पोचल्या. इमारत गेली, परीक्षा राहिली. बदलापूरची मुलगी पुण्याच्या मुलीचाच अभ्यासक्रम गाऊ लागली. गंमत अशी की, आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीला स्टुडिओचे दार बंद केले आणि ते किलकिले केले 1971 मध्ये. पण क्लासात मात्र पेटीवाचून कुणाचे पान हलले नाही!

परीक्षेत दोष नाहीत असे कोण म्हणेल? पाठ केलेल्या ताना म्हणून विशारद झालेला माणूस मैफलीत गप्प बसतो. साठ शब्दांची लघुलिपी पास झालेल्याला साधे पत्र जुळवता येत नाही. हे सारे खरे. पण शिकवणारा एक आणि पारखणारा दुसरा, ही व्यवस्था होती म्हणून पाटी कितीही फुगली तरी खोलीला खोटे बोलता येत नसे. सरांना मुलाला ‘तू तयार नाहीस, पुढच्या खेपेला बस’ असे सांगावे लागे.

गोदरेजने 1955 मध्ये सुरू केलेले टंकयंत्रांचे उत्पादन 2009 च्या सुमारास थांबले. शासनाची टंकलेखन परीक्षा आता संगणकावर होते. खडखडाट थांबला, पण क्लास वाढले. शालेय शिकवण्यांची पाटी तर सगळ्यांत मोठी झाली, आणि तिच्यावर सरांच्या नावाऐवजी पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो लागले. परीक्षा आजही दुसराच घेतो. परंतु तिचा निकाल आधीच विकायला काढला जातो. जानेवारी 2024 मध्ये केंद्र सरकारला मार्गदर्शक सूचना काढून सांगावे लागले, की सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये घेऊ नका आणि गुणांची हमी देऊ नका.

हमी! जिन्यावरच्या त्या सरांनी हा शब्द क्वचितच उच्चारला असेल. त्यांच्यापाशी हमी देण्याजोगे एकच होते: मी उद्या सकाळी सहाला खोली उघडीन. उरलेले तुझ्या बोटांवर आणि तुझ्या गळ्यावर.