मोटारीत मावलेली खुर्ची

१/४ पाय मोडलेला रुग्ण काही आठवडे ज्या चाकांच्या खुर्चीत वावरतो, तिच्या घडीमागे एका मैत्रीचा इतिहास आहे.

२/४ हर्बर्ट एव्हरेस्ट हे अमेरिकेतील खाण अभियंते. खाणीतील अपघातात त्यांच्या पाठीचा कणा मोडला. त्या काळच्या खुर्च्या अवजड. त्या मोटारीत मावत नसत. खुर्ची घरी, म्हणून माणूसही घरी.

३/४ १९३३ मध्ये एव्हरेस्ट आणि त्यांचे अभियंता मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी पोलादी नळ्यांची हलकी खुर्ची घडवली. आसनाखाली कात्रीसारख्या आडव्यातिडव्या नळ्या. आसन मधोमध वर ओढताच खुर्ची मिटे.

४/४ रुग्णालयांत आजही हीच रचना दिसते. खुर्ची मोटारीत मावली. इमारतींच्या पायऱ्या मात्र तशाच राहिल्या. एक पायरी किती उंच असते, हे त्या खुर्चीत पहिल्याच दिवशी उमगते.