विंचवाचं बिऱ्हाड, पाचव्या चाकावर

ज्यांना कानात हेडफोन घालण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हे आजच्या भागाचं लेखी रूप.

सारखी घरं बदलणाऱ्या माणसाला आपल्याकडे म्हणतात, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. आज ज्यांच्याबद्दल बोलायचंय त्यांचं बिऱ्हाड खरोखरच पाठीवर असतं, म्हणजे पिकअप ट्रकच्या पाठीवर. अमेरिकेत साठी-पासष्टीची कितीतरी जोडपी राहतं घर विकतात, सामान वाटून टाकतात आणि 'फिफ्थ व्हील' नावाचा ट्रेलर घेऊन कायमची त्यात राहायला जातात. थंडीत ॲरिझोना, उन्हाळ्यात मोंटाना. व्हिडिओत हे सगळं फार भारी दिसतं. सूर्यास्त, फोल्डिंगच्या खुर्च्या, शेजारी कुत्रा.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. छान फोटो दिसला की माझं लक्ष स्पेसिफिकेशनच्या तक्त्याकडे जातं. असा ट्रेलर निवडायचा कसा, हे वाचायला बसलो आणि थेट शंभर वर्षं मागे गेलो. कारण त्या तक्त्यातल्या जवळजवळ प्रत्येक आकड्यामागे एकच जुनं भांडण आहे: ही वस्तू घर आहे की गाडी?

पाचवं चाक कुठलं?

आधी नावाचा उलगडा करू. चार चाकी घोडागाडी वळवायची तर पुढचा आस फिरला पाहिजे. त्यासाठी आसाच्या वर एक आडवं लोखंडी कडं बसवायचे. चार चाकं जमिनीवर, हे पाचवं आडवं. मुंबईच्या जुन्या व्हिक्टोरिया आठवा, त्यांचा पुढचा आसही असाच वळायचा.

१९१४ मध्ये डेट्रॉइटला ऑगस्ट फ्रुहॉफ नावाच्या लोहाराकडे एक लाकूड व्यापारी आला. त्याला स्वतःची बोट फोर्ड गाडीमागे ओढून तळ्यावर न्यायची होती. फ्रुहॉफने बनवलेल्या ट्रेलरला मागे चाकं होती आणि पुढचा भार गाडीवर होता. हा 'सेमी-ट्रेलर'. साधारण त्याच काळात चार्ल्स मार्टिनने ट्रक आणि ट्रेलर जोडणारं यांत्रिक पाचवं चाक तयार केलं. न्हावा शेवाकडून येणारा, मागे कंटेनर नसलेला ट्रक कधी पाहिला असेल, तर केबिनमागे ग्रीसने काळी झालेली एक तबकडी दिसली असेल. तेच ते पाचवं चाक.

ते राहत्या ट्रेलरला लावलं ग्लेन कर्टिसने. हा विमानवाला, राइट बंधूंचा प्रतिस्पर्धी. १९२८ मध्ये फ्लोरिडातल्या ओपा-लोका इथे त्याने 'एअरोकार' काढली. तिचा सांगाडा विमानासारखा हलका होता. जोडणीसाठी गाडीच्या मागच्या भागात विमानाचं हवा भरलेलं चाक आडवं बसवलं होतं, म्हणजे धक्के तिथेच जिरायचे. एअरोकार महाग होती, श्रीमंतांचा षौक. पण कल्पना टिकली.

टिकण्यामागे भौतिकशास्त्र आहे. साधा ट्रेलर गाडीच्या मागच्या टोकाला अडकवतात. जोराचा वारा आला की तो शेपटीसारखा हलतो आणि गाडीलाही हलवतो. फिफ्थ व्हीलचा भार थेट ट्रकच्या मागच्या आसावर किंवा त्याच्या किंचित पुढे येतो. त्यामुळे झुलणं खूप कमी होतं, आणि मोठं घर ओढता येतं.

रस्त्यावरचं घर आणि कोर्ट

आता माणसांकडे येऊ. १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टँपा शहरात 'टिन कॅन टुरिस्ट्स' नावाची मंडळी एकत्र आली. रेडिएटरच्या झाकणाला रिकामा डबा डकवायचा, ही त्यांची ओळख. तेव्हा हा सुट्टीतला छंद होता. मग १९२९ ची मंदी आली आणि काहींसाठी ट्रेलर हेच एकमेव घर उरलं.

इथे भांडण सुरू झालं. ट्रेलरवाला घरपट्टी भरत नाही, पण गावाचं पाणी वापरतो, पोरं गावच्या शाळेत घालतो. १९३६ मध्ये मिशिगनमधल्या ऑर्चर्ड लेकचं प्रकरण कोर्टात गेलं. निकाल असा: ज्यात माणूस झोपतो आणि जेवतो ते घर, खाली चाकं असली तरी. म्हणजे घरांचे नियम त्याला लागू.

दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांतल्या कामगारांसाठी सरकारनेच हजारो ट्रेलर वापरले. त्यानंतर या वस्तूला दोन फाटे फुटले. एक फाटा रुंद होत गेला. १९५० च्या दशकात १० फूट रुंदीची 'मोबाइल होम' आली, जी नावालाच मोबाइल होती. एकदा जागेवर ठेवली की सहसा हलत नसत. १९७६ पासून त्यांना केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याचे, म्हणजे 'हड'चे बांधकाम नियम लागू झाले. दुसरा फाटा रस्त्यावर चालण्याइतका, साधारण आठ ते साडेआठ फूट अरुंद राहिला. तो कायद्याने गाडीच राहिला. आजचं फिफ्थ व्हील या दुसऱ्या फाट्यातलं.

हे नुसतं शब्दांचं भांडण नाही, बरं का. १९८५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात 'कॅलिफोर्निया विरुद्ध कार्नी' हा खटला आला. पोलिसांनी वॉरंटशिवाय एका मोटरहोमची झडती घेतली होती. घर असतं तर वॉरंट लागलं असतं. न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं, ही लगेच चालू पडणारी गाडी आहे, वॉरंट नको. पण ठोकळ्यांवर उभ्या असलेल्या आणि वीज-पाणी जोडून घेतलेल्या घराचं काय, हा प्रश्न त्यांनी मुद्दाम उघडा ठेवला. कायमचं राहणाऱ्या फिफ्थ व्हीलचं वर्णन नेमकं हेच नाही का?

पेन्शन, हायवे, डिझेल

निवृत्तांनी हे घर का धरलं? आधी पैसे आले. १९३५ मध्ये सोशल सिक्युरिटीचा कायदा झाला, वय ६५. दरमहा पेन्शनचा पहिला चेक जानेवारी १९४० मध्ये व्हरमाँटच्या आयडा मे फुलर यांना मिळाला, २२ डॉलर ५४ सेंट. त्या शंभर वर्षं जगल्या. म्हणजे निवृत्ती ही तीस-पस्तीस वर्षांचीही असू शकते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग रस्ते आले. १९५६ च्या कायद्याने ४१,००० मैलांच्या इंटरस्टेट महामार्गांचं जाळं ठरलं. १९६२ मध्ये मोंटानातल्या बिलिंग्जमध्ये 'केओए'चं पहिलं कॅम्पग्राउंड निघालं. १९८९ च्या मॉडेलपासून डॉज पिकअपमध्ये कमिन्सचं टर्बो डिझेल इंजिन आलं, आणि मोठं घर ओढणारी ताकद सामान्य माणसाच्या ट्रकमध्ये आली. १९९० च्या सुमारास 'स्लाइड-आउट' रुळले. म्हणजे गाडी थांबली की बटण दाबायचं आणि भिंत बाहेर सरकते. रस्त्यावर साडेआठ फूट, मुक्कामी तेरा-चौदा फूट. गाडीचे नियम पाळून घराची ऐसपैस जागा मिळवण्याची ही युक्ती.

थंडीतली जागाही स्वस्त. ॲरिझोनातल्या क्वार्टझाइटजवळ 'ला पोसा' नावाची सरकारी वाळवंटी जमीन आहे. १९८३ पासून तिथे हिवाळाभर मुक्कामाची सोय आहे, १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल. बरीच वर्षं पूर्ण हंगामाची फी होती १८० डॉलर. नळ आणि वीज मात्र तुमच्या ट्रेलरपर्यंत येत नाही.

तक्ता वाचायला शिका

समजा एका जोडप्याला आज फिफ्थ व्हील निवडायचंय. बहुतेक जण आधी स्वयंपाकघर आणि सोफा बघतात. माझ्या मते क्रम उलटा हवा.

पहिलं, वजन. समजा ट्रेलरचं कमाल वजन ७,२५० किलो आहे. फिफ्थ व्हीलचा साधारण १५ ते २५ टक्के भार ट्रकवर येतो. २० टक्के धरले तर १,४५० किलो. साध्या 'हाफ-टन' पिकअपची वाहनक्षमता बहुतेक वेळा ७०० ते ९०० किलोच्या आसपास असते, आणि त्यात नवरा-बायको, कुत्रा, जोडणीचं लोखंड हे सगळं आलं. म्हणजे हा ट्रक बाद. मोठा 'वन-टन' लागणार, कदाचित मागे चार चाकांचा. ट्रक आधी घेऊन ठेवलेला असेल तर घराचा आकार ट्रक ठरवतो. विक्रेता म्हणेल 'आरामात ओढेल'. ओढेलही, पण ओढणं वेगळं आणि पाठीवर तोलणं वेगळं.

दुसरं, सामान. रिकाम्या ट्रेलरचं वजन आणि कमाल वजन यांतला फरक म्हणजे तुमचा संसार. समजा तो १,००० किलो आहे. ६० गॅलनची पाण्याची टाकी भरली की २२७ किलो तिथेच गेले. उरलेल्या ७७३ किलोंत कपडे, भांडी, अवजारं, औषधं, बॅटऱ्या आणि आयुष्यभराच्या आठवणी. सुट्टीवर जाणाऱ्याला हे पुरतं. कायम राहणाऱ्याला प्रत्येक पुस्तकाचा विचार करावा लागतो.

तिसरं, वॉरंटी. इथे ते जुनं भांडण थेट खिशाला लागतं. हडच्या २०१८ च्या नियमानुसार आरव्ही म्हणजे फक्त सहलीसाठी बनवलेली, कायमच्या निवासासाठी नसलेली वस्तू. बऱ्याच कंपन्यांच्या वॉरंटीतही बारीक अक्षरात हेच असतं: पूर्णवेळ राहिलात तर वॉरंटी नाही. पूर्णवेळ राहण्याला मान्यता देणाऱ्या कंपन्या थोड्या आहेत, आणि विमाही वेगळा, पूर्णवेळवाल्यांचा घ्यावा लागतो. 'फोर सीझन' या शब्दाचा अर्थही कंपनीगणिक बदलतो. भिंतीत काय भरलंय आणि टाक्यांना थंडीत ऊब मिळते का, हे विचारायलाच हवं.

चौथं, पायऱ्या. फिफ्थ व्हीलचा पुढचा भाग ट्रकवर चढलेला असतो, आणि बेडरूम बहुधा तिथेच. म्हणजे रात्री बाथरूमला किंवा स्वयंपाकघरात जाताना दोन-तीन पायऱ्या. बासष्टाव्या वर्षी त्या जाणवत नाहीत. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर काय?

पत्ता आणि शेवटचा थांबा

घराला पत्ता असतो, गाडीला नसतो. पण लायसन्स, मतदान, बँक सगळ्यांना पत्ता हवा. १९७८ मध्ये जो आणि के पीटरसन या जोडप्याने 'एस्केपीज' हा क्लब काढला. त्यांचं मुख्य ठाणं टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टन या छोट्या गावात आहे. हजारो भटक्यांची टपालं तिथे येतात आणि पुढे पाठवली जातात. २००० सालाच्या सुमारास या लोकांना तिथे मतदानाचा हक्क आहे का, यावर कोर्टकचेरीही झाली. साउथ डकोटात तर एका रात्रीच्या मुक्कामाची पावती दाखवून लायसन्स मिळू लागलं. पण २०२३ मध्ये तिथे मतदानासाठी ३० दिवस राहण्याची अट आली. भांडण अजून चालूच आहे.

आणि सगळेच जण हौसेने निघालेले नसतात. २००८ च्या मंदीत अनेकांची बचत बुडाली, घरं गेली. वय वाढलेलं, पेन्शन अपुरी, मग चाकांवर संसार आणि हंगामी मजुरी. जेसिका ब्रूडरचं 'नोमॅडलँड' (२०१७) हे पुस्तक त्यांच्यावरच आहे, आणि त्यावरच्या चित्रपटाला २०२१ मध्ये ऑस्कर मिळालं. गंमत बघा, त्याच मंदीत इंडियानातल्या एल्खार्ट परिसरात, जिथे अमेरिकेतल्या बहुतेक आरव्ही बनतात, कारखाने बंद पडत होते. एकीकडे सहलीचा बाजार कोसळला होता, दुसरीकडे लोक त्याच गाड्यांत राहायला जात होते.

मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटली ती एस्केपीजने लिव्हिंग्स्टनमध्येच पुढे उभी केलेली 'केअर' नावाची सोय. गाडी चालवणं थांबलेल्या किंवा आजारी सभासदाने आपला ट्रेलर तिथे लावायचा, राहायचं स्वतःच्याच घरात, आणि जेवण, औषधपाण्याची देखरेख, दवाखान्यात नेणं-आणणं यासाठी माणसं असतात. भटक्यांच्याच क्लबला थांबण्याची जागा बांधावी लागली.

म्हणून ट्रेलर निवडताना तक्त्यात नसलेला एक प्रश्न मी सगळ्यात वर लिहीन: दोघांपैकी एकालाच ट्रक चालवता येत असेल आणि तोच आधी थकला, तर हे घर कुठे उभं राहणार? घराची किंमत साधारणपणे टिकते किंवा वाढते, गाडीची दरवर्षी उतरते. राहतं घर विकून सगळे पैसे ट्रक-ट्रेलरमध्ये घातले, तर पंधरा वर्षांनी परत घर घेण्याइतकं हातात काय असेल? ज्यांनी याचं उत्तर आधी कागदावर मांडलंय, त्यांनी खुशाल क्वार्टझाइटला जावं. आणि आयडा मे फुलर यांचं वय विसरू नये.

तर मंडळी, आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या नात्यात कुणी अमेरिकेत असं चाकांवर राहून पाहिलं असेल, तर त्यांना हा भाग पाठवा आणि ते काय म्हणतात ते मला नक्की कळवा. भेटूच पुढच्या भागात!