ऊस, कालवा आणि 'फॉग' : निर्णय कुठे घ्यायचा याचा छोटा इतिहास

एज आणि फॉग कम्प्युटिंगवर पीएच.डी. करायची म्हणणारे सध्या बरेच आहेत. सिनॉप्सिसमधलं पहिलं वाक्य बहुतेकांचं ठरलेलं असतं : "क्लाउड लांब आहे, उत्तर यायला उशीर होतो, म्हणून एज हवं." वाक्य चुकीचं नाही. पण ते कोणत्या प्रश्नातून आलं आणि आपल्या प्रश्नाला लागू पडतं का, हे तपासायला थोडा इतिहास लागतो. आज तो इतिहास पाहू आणि मग बारामतीच्या उसाला लावून बघू.

आधी कालवा

नीरा डावा कालवा 1885 साली सुरू झाला आणि बारामती-इंदापूरच्या बागायती पट्ट्याचं रूप बदललं. धरण, मुख्य कालवा, चारी, पोटचारी आणि शेवटी शेत अशी ही साखळी. शेजपाळी पद्धतीत शेतकरी सात नंबरच्या फॉर्मवर पाण्याची मागणी करतो, कार्यालय पाळी ठरवतं आणि पाणी शेवटच्या टोकाकडून वरच्या दिशेनं दिलं जातं. म्हणजे निर्णय वर होतो. पण ऊस सुकायला लागलाय हे बांधावर उभ्या असलेल्या माणसालाच आधी कळतं. ज्याची स्वतःची विहीर आहे तो कुणाला न विचारता मोटार चालू करतो. मधे चारीवर पाटकरी असतो, तो आजूबाजूच्या शेतांचं बघून थोडंफार जुळवून घेतो.

आता नावं बदला. वरचं कार्यालय म्हणजे क्लाउड, बांध म्हणजे एज, आणि चारीवरचा मधला टप्पा म्हणजे फॉग. फरक एवढाच की पाणी वरून खाली येतं आणि सेन्सरचा डेटा खालून वर जातो. मूळ प्रश्न दोन्हीकडे एकच : कोणता निर्णय कोणत्या पातळीवर घ्यायचा?

नावं कशी आली

संगणकाच्या जगात हा लंबक आधीपासूनच हलतोय. आधी एक मोठा मेनफ्रेम आणि त्याला जोडलेले टर्मिनल. मग पर्सनल कम्प्युटर आला आणि काम टेबलावर आलं. 2006 मध्ये ॲमेझॉननं भाड्यानं सर्व्हर द्यायला सुरुवात केली आणि काम पुन्हा लांबच्या डेटा सेंटरकडे गेलं.

'कडेला' आणण्याची पहिली मोठी गरज मात्र वेबसाइटची होती. एकाच सर्व्हरवर जगभरातून गर्दी झाली की पान उघडायला वेळ लागायचा. एमआयटीमधल्या संशोधनातून 1998 मध्ये अकामाई कंपनी निघाली. पानांच्या प्रती वापरणाऱ्याच्या जवळच्या सर्व्हरवर ठेवायच्या, ही तिची कल्पना. इथे कडेला फक्त साठवण होती.

2009 मध्ये कार्नेगी मेलनचे महादेव सत्यनारायणन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'क्लाउडलेट'ची मांडणी केली. मोबाइलची ताकद कमी आणि क्लाउड लांब, तर मग जवळच एक छोटा सर्व्हर ठेवून जड काम त्याच्यावर टाकायचं. आता साठवणीसोबत गणनाही कडेला आली.

'फॉग' हा शब्द रुळला तो 2012 मध्ये. सिस्कोच्या फ्लाविओ बोनोमी आणि सहकाऱ्यांनी हेलसिंकीच्या एका कार्यशाळेत शोधनिबंध मांडला. जमिनीलगतचा ढग म्हणजे धुकं, म्हणून हे नाव. त्यांची उदाहरणं नीट लक्षात ठेवा : एकमेकांशी बोलणाऱ्या गाड्या, वीजवितरणाचं स्मार्ट ग्रिड, शहरांतली सेन्सर-जाळी. समोरची गाडी ब्रेक मारते तेव्हा काही मिलिसेकंदही महत्त्वाचे. आपल्या सिनॉप्सिसमधलं 'उशीर होतो' हे वाक्य याच प्रकारच्या उदाहरणांतून आलंय.

पुढे 2015 मध्ये ओपनफॉग कन्सॉर्टियम झालं. 2018 मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटीनं फॉगची व्याख्या प्रसिद्ध केली आणि ओपनफॉगची रचना आयईईई 1934 या मानकात आली. 2019 मध्ये हे कन्सॉर्टियम इंडस्ट्रियल इंटरनेट कन्सॉर्टियममध्ये विलीन झालं. मासिकांत आज 'एज' हा शब्द जास्त दिसतो, पण मधल्या थराची कल्पना टिकून आहे.

शेतात आल्यावर कारण बदललं

2017 मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या गटानं 'फार्मबीट्स'वरचा शोधनिबंध मांडला. अमेरिकेतल्या दोन शेतांवर सहा महिने प्रयोग झाला होता. शेतावर इंटरनेट नव्हतं, म्हणून टीव्हीच्या रिकाम्या लहरी वापरून डेटा शेतकऱ्याच्या घरापर्यंत आणला. घरातल्या संगणकावर गेटवे ठेवला. ड्रोनच्या व्हिडिओवर तिथेच प्रक्रिया करून फक्त सारांश क्लाउडला पाठवायचा, आणि इंटरनेट बंद पडलं तरी शेतकऱ्याला माहिती मिळत राहायची. रचना फॉगसारखीच, पण कारण बदललं. मिलिसेकंद मागे पडले आणि रेंज, बँडविड्थ, सौरऊर्जेवर चालणाऱ्या यंत्रांची वीज हे प्रश्न पुढे आले.

याच कामाची पुढची पिढी बारामतीत पोचली. 1971 मध्ये स्थापन झालेल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्यानं उसावर एआयचा प्रयोग सुरू केला. 2024 च्या जानेवारीत 'कृषिक' प्रदर्शनात तो लोकांसमोर आला. पहिल्या टप्प्यासाठी सुमारे 1,000 शेतकरी निवडले गेले. जमिनीतले सेन्सर, हवामान केंद्र आणि उपग्रहाची माहिती क्लाउडवर एकत्र होते आणि शेतकऱ्याला मोबाइलवर सल्ला मिळतो.

मग इथे एज कशासाठी?

साधं गणित करू. समजा जमिनीतला सेन्सर दर 15 मिनिटांनी 20 बाइटची नोंद पाठवतो. दिवसाला 96 नोंदी, म्हणजे दोन केबीसुद्धा नाही. ऊस शेतात वर्षभर किंवा त्याहून जास्त असतो. ओलीची नोंद क्लाउडला पोचायला दोन सेकंद लागले काय आणि दोन मिनिटं लागली काय, पिकाला फरक पडत नाही. इथे लेटन्सीचं कारण देणं म्हणजे गाडीचं औषध उसाला देणं.

आता ड्रोन घ्या. एका उड्डाणात एक जीबीचा व्हिडिओ झाला आणि अपलोडचा वेग एक एमबीपीएस असला, तर तो चढवायला सव्वादोन तास लागतील. इथे एजची गरज खरी आहे, पण कारण बँडविड्थचं आहे.

तिसरं उदाहरण ठिबकच्या व्हॉल्व्हचं. बऱ्याच ठिकाणी शेतीपंपाला थ्री फेज लाइट ठरावीक तासच मिळते, तीही कधी रात्री. लाइट आली आणि नेमकी त्याच वेळी रेंज गेली, तर क्लाउडच्या आदेशाची वाट बघणारा व्हॉल्व्ह बंदच राहणार आणि त्या दिवसाची पाळी हुकणार. निर्णयाचा साधा नियम शेतातल्या कंट्रोलरमध्येच असायला हवा. कारण इथे जोडणी तुटण्याचं आहे.

एकाच फडात तीन यंत्रं आणि तीन वेगळी उत्तरं. सेन्सरला क्लाउड चालतो, ड्रोनला गेटवे लागतो, व्हॉल्व्हला बांधावरचाच मेंदू लागतो. शिवाय कच्चा डेटा शेताबाहेर किती जातो आणि तो कोणाच्या ताब्यात राहतो, हेही याच निवडीवर ठरतं. सल्ला घेणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीनं हा प्रश्न लहान नाही.

म्हणून सिनॉप्सिस लिहिण्याआधी एक तक्ता करा. तुमच्या प्रत्येक उपकरणापुढे तीन रकाने : उत्तर किती वेळात हवं, दिवसाला डेटा किती, आणि जोडणी तुटली तर काय बिघडेल. आकडे स्वतः मोजून भरा, कुठल्याही पेपरातून उचलू नका. तीनही रकाने निवांत निघाले तर तुमच्या विषयाला एजची गरज नाही, आणि हे सिनॉप्सिसच्या आधी कळलेलं बरं. एखादा रकाना अडला, तर तुमचा संशोधनप्रश्न तिथेच आहे. पहिलं वाक्य मग त्या रकान्यावरून लिहा.