दसरा काढायचे दिवस : चंदगडच्या घरातली ऊब, तेव्हाची आणि आत्ताची

सोसायटीचा रीतसर इतिहास या स्मरणिकेत सचिवांनी लिहिलाच आहे. जागा कशी मिळाली, कर्ज कसं फिटलं, बोअरला पाणी कसं लागलं, ते सगळं तिथे आहे. मी लिहिणार आहे तो इतिहास इतिवृत्ताच्या वहीत फार तर दोन ओळींचा. पावसाळा संपला की आपल्या भागात घर थंडीसाठी कसं तयार करायचे आणि फ्लॅटमध्ये आल्यावर आपण ते कसं विसरलो, मग कसं पुन्हा शिकलो, एवढाच विषय. त्यात माझी एक चूकही आहे. ती लपवून हा लेख लिहिता येणार नाही.

कोल्हापूरकडे ‘दसरा काढणे’ म्हणतात ते सगळ्यांना माहीत आहे. म्हाळ संपत आले की घट बसायच्या आत घरातलं एकूण एक अंथरूण-पांघरूण ओढ्याला किंवा नदीला न्यायचं, धुवायचं, काठावरच्या दगडांवर आणि झुडपांवर वाळत घालायचं. देवीसाठी घर स्वच्छ करायचं हे खरंच, पण आपल्या चंदगडात त्याला आणखी एक कारण आहे. आपला तालुका घाटमाथ्यावर. शेजारच्या आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बराच वारसा आपल्या पश्चिमेकडच्या गावांनाही मिळतो. जूनपासून चार महिने ऊन असं दिसत नाही. वाकळांना कुबट वास येतो, चामड्याच्या चपलेवर बुरा चढतो, डब्यातलं मीठ पाझरतं. त्यानंतर ऑक्टोबरचे दोन-तीन आठवडे चटका देणारं ऊन पडतं आणि ओढ्याला पाणीही भरपूर असतं. दिवाळी झाली की थंडी आलीच. म्हणजे घर वाळवायला वर्षातून मिळणारी फट ही एवढीच. जुन्या बायकांनी ती बरोबर हेरली होती.

आमचं जुनं घर जांभ्या चिऱ्याचं होतं. सोप्यात एका अंगाला म्हशी बांधलेल्या, हातभर उंच कट्ट्यावर माणसं, मागे माजघर आणि त्याच्या मागे चूल. आज कुणाला सांगितलं तर नाक मुरडतील, पण जनावर हीच त्या घराची पहिली शेगडी होती. तीन म्हशी रात्रभर श्वास सोडत बसल्या की सोपा कोमट राहायचा. दुसरी ऊब चुलीची. चुलीचा धूर वर माळ्यावर जायचा, तिथे टांगलेलं बियाणं सुकवायचा, वाशांना कीड लागू द्यायचा नाही आणि कौलांच्या फटीतून सावकाश बाहेर पडायचा. ही फटीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कौलांचाही एक इतिहास आहे. आधी गवताची छपरं, मग कुंभाराची गावठी नळीची कौलं. ती दरवर्षी पावसाआधी परतून घ्यावी लागत, माकडं नाचली की फुटत. बासेल मिशनच्या लोकांनी 1865 मध्ये मंगळूरला यंत्रावर चपटी कौलं करायचा कारखाना काढला आणि ‘मंगलोरी कौल’ हा शब्द आपल्या बोलण्यात आला. 1880 च्या दशकात बेळगावला रेल्वे आली. खानापूरकडेही कौलांचे कारखाने झाले आणि हळूहळू आपल्या गावांतून लाल छपरं दिसू लागली. बेळगाव तेव्हा आपलंच जिल्ह्याचं ठिकाण. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्य पुनर्रचना झाली, बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तालुका तेवढा वेगळा काढून कोल्हापूरला जोडला. ऐन दिवाळीचे दिवस होते ते. आमचे मामंजी सांगायचे, “झोपलो बेळगाव जिल्ह्यात, उठलो कोल्हापूर जिल्ह्यात, घोंगडं मात्र तेच.” जिल्हा बदलला तरी बाजार काही बदलला नाही. आपली रताळी अजूनही बेळगावला जातात आणि येताना कापड, कौलं, लोखंड तिकडूनच येतं.

घोंगड्याबद्दल थोडं लिहायला हवं, कारण नव्या मुलांनी ते फक्त जोतिबाला किंवा बिरोबाला पाहिलेलं असतं. मेंढरं धनगरांची, विणकाम सनगरांचं. विणून झाल्यावर चिंचोक्याची खळ देतात, म्हणून नवं घोंगडं पत्र्यासारखं ताठ असतं आणि अंगाला टोचतं. पावसाळ्यात त्याची खोळ करून डोक्यावरून घ्यायची, रोपलावणीला जायचं, थंडीत तेच अंगावर. लोकर भिजली तरी ऊब पुरती सोडत नाही, हा तिचा गुण. वाकळेचं तसं नाही. जुनी लुगडी, धोतरं, पोरांचे फाटके कपडे थर लावून धावदोऱ्यानं शिवलेली वाकळ भिजली की दोन बायकांना उचलत नाही आणि आतून वाळली नाही तर वर्षभर वास देते. म्हणून धुण्यापेक्षा वाळवणं मोठं काम. दोन्ही बाजूंनी किमान दोन-दोन उन्हं द्यायची. आत्ती हात आत खुपसून बघायच्या. बोटाला गार लागलं तर परत उन्हात.

भिंती-जमिनीचंही तसंच. पावसात जमीन उखणलेली असायची, ती चोपून शेणानं सारवायची. भिंतींना चुना. चुना घाईनं दिला तरी चालतो, तो ओल अडवून धरत नाही. हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं, आपोआप होत होतं.

पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही इथे राहायला आलो. स्लॅबचं घर, काचेच्या सरकत्या खिडक्या, गुळगुळीत फरशी, नळाला पाणी. मला आनंद झाला होता हे कबूल करते. सारवणाच्या कामातून सुटले होते! आत्तींना मात्र पहिल्या दिवाळीनंतर घर सोसेना. “फरशीवर पाय ठिवला की गारठा डोस्क्यात जातोय बघ,” म्हणायच्या. आम्हाला ती कुरकुर वाटायची. पण त्यांचं खरं होतं. सारवलेली जमीन आणि फरशी एकाच खोलीत असली तरी फरशी पायातली ऊब झपाट्यानं ओढून घेते, माती तशी घेत नाही. आमचा तळमजला, खाली जमिनीचा गारवा, वर ऊन नाही.

त्याच पौषातली गोष्ट. वारा सुटला होता. आत्ती मागच्या खोलीत कुडकुडत होत्या, म्हणून मी कोळशाची शेगडी फुलवून त्यांच्या खाटेजवळ ठेवली. धूर नव्हता, लालबुंद निखारे होते. वारा येऊ नये म्हणून काचा घट्ट लावल्या, दाराखाली पोतं सारलं. आपण फार काळजी घेतली असं समजून झोपले. पहाटे उठून बघते तर आत्ती खाटेवरून अर्ध्या खाली, उलटी झालेली, हाक मारली तर ओ नाही. ह्यांनी खिडक्या उघडल्या, वरच्या मजल्यावरच्या पोरांनी त्यांना उचलून बाहेर ओट्यावर आणलं. कुणाच्या तरी जीपमधून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “खोलीत शेगडी होती का?” धूर नसला तरी निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साईड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातली प्राणवायूची जागा तो पटकावतो आणि झोपलेल्या माणसाला कळतही नाही. आणखी तास-दोन तास गेले असते तर, हे वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

आत्ती वाचल्या. पण मी कित्येक दिवस त्यांच्या डोळ्याला डोळा देऊ शकले नाही. तीच शेगडी जुन्या घरात चाळीस वर्षं त्यांच्या उशाशी होती आणि काही झालं नव्हतं. फरक शेगडीत नव्हता, छपरात होता. मघाशी म्हटलं ना, फटी. ते घर श्वास घेत होतं. आम्ही जुन्या घरातली ऊब नव्या घरात आणली आणि फट तिकडेच ठेवून आलो.

त्या महिन्याच्या सभेत ठराव झाला : बंद खोलीत शेगडी, निखारे कुणी ठेवू नयेत, मागच्या मोकळ्या जागेत सभासदांनी सामाईक आगटी करण्यास हरकत नाही. वहीत दोन ओळी आहेत, कारण लिहिलेलं नाही. ते मी आज लिहिलं.

आगटी सुरू झाली आणि सोसायटी खऱ्या अर्थानं तेव्हा सुरू झाली असं माझं मत आहे. तोवर आम्ही एकमेकांना फ्लॅट नंबरानं ओळखत होतो. 2005 नंतरची काही वर्षं भारनियमन असायचं. दिवे गेले, टीव्ही बंद, गिझर-हीटर असून उपयोग नाही, मग सगळे खाली. राखेत रताळी पुरायची, कुणाकडून हुलग्याचं माडगं यायचं. एकदा कुणीतरी काजूच्या टरफलांचं पोतं आणून आगटीत ओतलं. फुकट मिळालं होतं. त्या टरफलात तेल असतं, त्याच्या धुरानं दोन्ही इमारतींचे डोळे चुरचुरले. कारखान्यात ते जळण म्हणून चालत असेल, माणसांच्या घोळक्यात नाही. त्या सभासदांचं नाव सगळ्यांना माहीत आहे, मी लिहीत नाही.

घराच्या आतलंही हळूहळू शिकलो. आत्तींच्या खाटेखाली आणि पाय टेकायच्या जागी जुनं जेन अंथरलं, निम्मी कुरकुर त्या दिवशीच थांबली. पूर्वेच्या खिडक्या सकाळी उघडून ऊन आत येऊ द्यायचं आणि दिवस मावळायच्या आधी, खोली गार व्हायच्या आत, पडदे ओढायचे. रात्री झडपेची पट्टी मात्र उघडीच. पश्चिमेच्या भिंतीला पावसात ओल येते. आमच्याकडे पहिली तीन वर्षं दसऱ्याच्या घाईत ऑइलपेंट मारला आणि तिन्ही वेळा होळीपर्यंत पापुद्रे सुटले. आता बाहेरची भेग बुजवतो, भिंत दिवाळीपर्यंत उघडी वाळू देतो, रंग नंतर. पाहुण्यांना डाग दिसले तर दिसू देत.

अंथरुणांचा प्रश्न मात्र बरीच वर्षं सुटला नव्हता. ओढ्याला जाणं थांबलं, वॉशिंग मशीनमध्ये वाकळ मावत नाही, आणि गच्चीवर वाळत घालायला बंदी होती. वॉटरप्रूफिंग खराब होतं म्हणून. यावरून सभेत कडाक्याची भांडणं झाली आहेत. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं होतं. मग ऑगस्ट 2019 आला. ताम्रपर्णीला पूर आला, कोवाडची बाजारपेठ पाण्यात गेली. आपल्या कित्येकांचे पाहुणे तिकडे. पाणी ओसरल्यावर माझी नणंद टेम्पोत घालून घरातली सगळी अंथरुणं घेऊन आली. चिखलानं माखलेल्या चौदा वाकळा, त्यातली एक आत्तींच्या आईच्या लुगड्यांची. पाऊस थांबत नव्हता, ऊन नव्हतं. अध्यक्षांनी कुणाला न विचारता गच्चीची किल्ली दिली. उघडीप मिळेल तेव्हा गच्चीवर, पाऊस आला की जिन्याच्या कठड्यावर, असं आठवडाभर चाललं. पोरं पाळी लावून आभाळ बघत होती. चौदातल्या अकरा वाचल्या.

आत्ती तेव्हा थकल्या होत्या, जिना चढवत नव्हता. त्या ओट्यावर बसून प्रत्येक वाकळ मागवून घ्यायच्या, आत हात घालायच्या. “गार लागालंय, परत न्ह्या.”

त्यानंतर बंदीचा विषय कुणी काढलेला नाही. दरवर्षी घटस्थापनेच्या आधीचे दोन रविवार गच्ची मोकळी ठेवतात, पहिला ए विंगला, दुसरा बी विंगला. यंदा टाकीचं काम निघाल्यामुळे बी विंगचा रविवार बदलेल असं ऐकते. फळ्यावर सूचना लागेल ती बघून घ्या, आणि चिमटे आपापले आणा.