मुंबई ऑफिस

माथेरानच्या हॉटेलांच्या जाहिरातींत पूर्वी दोन पत्ते छापलेले असत. एक हॉटेलचा, तो नावापुरता. दुसऱ्याच्या आधी ठळक अक्षरांत ‘मुंबई ऑफिस’ असे, आणि कामाचा पत्ता तोच. कोणाचं ऑफिस फोर्टात, कोणाचं काळबादेवीला, आमचं दादरला. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक कपाट, एक काळा फोन आणि बहुतेक ठिकाणी त्याच मालकाचा दुसरा कसला तरी धंदा. आमच्याकडे पुढच्या बाजूला छत्र्या आणि रेनकोट विकले जात. पावसाळ्यात वर हॉटेल बंद, तेव्हा खाली छत्र्यांचा सीझन. मालकांचा हिशेब चोख होता. १९७८ साली अक्षर बरं आहे म्हणून मला तिथे घेतलं आणि पुढची सगळी नोकरी मी त्याच हॉटेलच्या खोल्या विकण्यात काढली.

हल्ली भाचरं विचारतात, ‘मावशी, साइटवरून बुक करू की थेट हॉटेललाच फोन लावू?’ त्यांची समजूत अशी की पूर्वी सगळं थेट होतं, आणि इंटरनेट आल्यावर मध्ये दलाल शिरला. थेट कधी होतं? मी स्वतः दलालच होते, फक्त पगारी.

माथेरानला हे ऑफिस लागायचं त्याला कारण होतं. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून गेला, त्याला जागा आवडली, मग साहेबांचे आणि पारशी शेठियांचे बंगले झाले. १९०७ मध्ये पीरभॉय घराण्याने नेरळहून वर छोटी गाडी नेली आणि साध्या मुंबईकरालाही माथेरान आवाक्यात आलं. पण वर मोटारीला बंदी, ती आजतागायत. लोणावळ्यात एका हॉटेलात जागा नसेल तर माणूस गाडी पुढच्या दारात नेतो. माथेरानला हमालाच्या डोक्यावर होल्डॉल, मुलं घोड्यावर, सासूबाई हातरिक्षात, अशी वरात लाल मातीतून हॉटेलपर्यंत येई आणि तिथे ‘फुल्ल आहे’ ऐकायला मिळालं तर परत फिरायला गाडी नसे. त्यामुळे मे महिन्यात माथेरानला निघणारा शहाणा माणूस हातात पावती असल्याशिवाय घराला कुलूप लावत नसे.

पावतीच्या मागे चार्ट. ड्रॉइंगचा असतो तसा जाड, मोठा कागद. डावीकडे खोल्यांचे नंबर, वर तारखा. चौकशी आली की पेन्सिलीने रेघ, आगाऊ पैसे आले की तीच रेघ शाईने. पैसे आठवड्यात आले नाहीत की खोडरबर. दिवाळीचा आणि मेचा कागद खोडून खोडून इतका झिजे की शाई पलीकडे फुटे. वर हॉटेलात असाच दुसरा चार्ट. सगळ्या खोल्या आमच्या हातात नसत. काही मॅनेजरने दारात येणाऱ्यांसाठी आणि मालकांच्या व्याह्यांसाठी राखलेल्या. दोन्ही चार्ट जुळवायला ट्रंक कॉल लावायचा. साधा लावला तर दुपार उजाडे, अर्जंटला दुप्पट पैसे, लाइटनिंगला आठपट, आणि लाइटनिंग लावायची परवानगी फक्त मालकांना. लाइन लागली की तीन मिनिटांत सगळं उरकायचं: ‘सात दिली, नऊ पेन्सिलीत, बाराला एक जादा गादी, सोळा मोकळी.’ नाहीच लागली तर नेरळला जाणाऱ्या कोणाच्या तरी खिशात चिठ्ठी.

बाहेरगावची माणसं जवाबी कार्ड टाकत. दोन कार्डं जोडलेली. एकावर त्यांचा मजकूर, दुसऱ्यावर त्यांनी स्वतःचा पत्ता आधीच घालून ठेवलेला. आम्ही मधून फाडायचं, कोऱ्या बाजूला उत्तर लिहायचं आणि पेटीत टाकायचं. मजकूर कसा? ‘आम्ही मोठी माणसे तीन, एक मूल अर्ध्या तिकिटाचे, एक मांडीवरचे. मांडीवरच्याचे काही पडेल काय? खोली पश्चिमेची नको. गरम पाणी बादलीने की नळाने?’ आजची साइट याला ‘फिल्टर’ म्हणते. दर माणशी आणि दोन्ही वेळच्या जेवणासकट असे, म्हणून मांडीवरच्याचा प्रश्न रास्त होता. उत्तर गेलं की मनीऑर्डर यायची आणि तिच्या कुपनावर पुन्हा एकदा, ‘खोली पश्चिमेची नको.’ त्या मनीऑर्डरवर पोस्टाचं कमिशनही होतंच. पुढे पुढे तर वीस रुपयांना एक रुपया, म्हणजे पाच टक्के. त्याला कोणी दलाली म्हणत नसे.

खरी दौलत कपाटात होती. प्रत्येक पाहुण्याचं एक कार्ड: नाव, पत्ता, कोणत्या साली कोणती खोली, बरोबर कोण, जैन स्वयंपाक लागतो का, गुडघे दुखतात म्हणून तळमजला. फेब्रुवारी लागला की या पत्त्यांवर नवं टॅरिफ कार्ड जाई. गुजराती कुटुंबं होळीच्या आतच पैसे भरून मोकळी होत. आपली मंडळी परीक्षेचं वेळापत्रक लागेपर्यंत थांबत आणि मग ‘मागच्या वर्षीच्याच दराने द्या’ म्हणून घासाघीस करत. एक मॅनेजर नोकरी सोडून समोरच्या हॉटेलात गेला, तेव्हा मालक त्याच दिवशी दादरला आले. गल्ला पाहिला नाही, कपाट पाहिलं. त्यानंतर किल्ली त्यांच्या जानव्याला.

हे मालकांनी शोधून काढलेलं नव्हतं. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या उपाध्यायांच्या वह्या याच कामाच्या. आमचे आजोबा नाशिकला उतरले की स्टेशनवरच पहिला प्रश्न यायचा, ‘गाव कोणतं? आडनाव?’ एवढ्यावर कोणाचे यजमान ते ठरे आणि त्या उपाध्यायांच्या वाड्यात उतरायचं, तिथेच जेवायचं, तिथूनच गंगेवर जायचं. वहीत पणजोबांचं नाव, ते कोणत्या साली आले, कोणाचं श्राद्ध केलं, खाली सही नाहीतर अंगठा. राहायची सोय, जेवण आणि धर्मकृत्य असं सगळं एका हाती, आणि दर छापलेला नाही. ही यजमानवृत्ती वारसाने मिळे, भावाभावांत वाटली जाई, गहाण पडे, विकलीही जाई. तिच्यावरून पेशवाईत तंटे झाले, इंग्रजी अमलात ते कोर्टात गेले, आणि मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनी अशा वंशपरंपरागत वृत्तीला स्थावर मिळकतीच्या रांगेत बसवलं. कोणता यात्रेकरू कोणाचा, हा हक्क म्हणजे जमिनीसारखी मालमत्ता! वाडा पडका असला तरी चालेल, वही हवी.

दलालही जुनेच. नेरळच्या फलाटावर आणि पुढे दस्तुरी नाक्यावर ‘साहेब, रूम?’ म्हणत अंगावर येणारी माणसं कोण? पाहुणा आणून दिला की हॉटेल त्यांना काहीतरी देई, घोडेवाल्यालाही देई. शहरातले ट्रॅव्हल एजंट रीतसर दहा टक्के घेत आणि लेटरहेडवर पत्र पाठवत, एवढाच फरक. पण या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. पाहुणा एकदा दारात आला की तो हॉटेलचा. त्याचं कार्ड भरलं जाई आणि पुढच्या वर्षी टॅरिफ त्याच्या घरी थेट पोचे. दलाली एकदाच द्यावी लागे.

ऐंशीच्या दशकात पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले आणि जवाबी कार्डं आटली. मग फॅक्स, मग मोबाइल. बाहेरच्या जगात मात्र याच्या पुष्कळ आधी वेगळं काहीतरी चाललं होतं. हॉलिडे इनने १९६५ मध्येच आयबीएमच्या मदतीने ‘होलिडेक्स’ नावाची यंत्रणा उभी करून आपल्या हॉटेलांचे चार्ट एका ठिकाणी जोडले. तरी ती हॉटेलवाल्याची स्वतःचीच होती. १९९१ मध्ये अमेरिकेत दोघा भागीदारांनी टेलिफोनवरून दुसऱ्यांच्या हॉटेलांच्या खोल्या विकायला सुरुवात केली; त्यातून पुढे ‘हॉटेल्स डॉट कॉम’ झालं. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘एक्स्पीडिया’ काढली, आणि त्याच वर्षी हॉलंडमध्ये ‘बुकिंग्ज डॉट एनएल’ नावाचं छोटंसं संकेतस्थळ सुरू झालं, तेच आजचं ‘बुकिंग डॉट कॉम’. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत विमानं रिकामी उडू लागली, हॉटेलं ओस पडली. घाबरलेल्या हॉटेलवाल्यांनी खोल्या पडेल भावात या साइटांच्या हवाली केल्या. पडत्या काळात सुटलेला लगाम चांगले दिवस आल्यावर पुन्हा हातात आला नाही. आपल्याकडे ‘मेकमायट्रिप’ २००० साली निघाली ती अमेरिकेतल्या भारतीयांना विमानाची तिकिटं विकायला. भारतातल्या गिऱ्हाइकांसाठी ती २००५ मध्ये उघडली. रेल्वेच्या तिकिटामुळे तोवर लोकांना कार्डाचा नंबर पडद्यावर टाकायची सवय लागू लागली होती. ‘ओयो’ आली २०१३ मध्ये.

आमच्या ऑफिसात साइटचा पोरगा आला तेव्हा छत्र्यांचं दुकान बंद होऊन तिथे मोबाइलची कव्हरं विकली जात होती. त्याने मालकांच्या मुलाला समजावलं, ‘सर, रिकामी खोली सकाळी शिळी होते. आम्ही ती विकून देतो, तुमचं काय जातंय?’ खरंच होतं. पावसाळ्यातली माथेरानची गर्दी या साइटांनीच वाढवली. आमच्या काळात जून उजाडला की पत्रे झाकून माणसं खाली उतरायची; आता भर पावसात धुकं बघायला पोरं येतात. चार्टच्या जागी पडदा आला, मी तो शिकले, आणि खोडरबराची गरज संपली म्हणून मला आनंदही झाला.

मग एकदा मी फेब्रुवारीचं टॅरिफ पाठवायला बसले. साइटवरून आलेल्या पाहुण्यांचे ईमेल उघडले तर तिथे माणसाचा पत्ता नाहीच. अक्षरं आणि आकडे कालवून साइटने स्वतः बनवलेला लांबलचक पत्ता. त्यावर पाठवलेलं आधी साइटकडे जातं, मग पुढे. म्हणजे पाहुणा आमच्या गादीवर झोपला, आमची पुरणपोळी खाऊन गेला, आणि तरी तो आमचा नव्हे. पुढच्या वर्षी तो आला तर पुन्हा दलाली. वही आता त्यांच्याकडे होती.

दलालीचा आकडाही दहावर राहिला नाही. पंधरा ते पंचवीस टक्के ही आता सर्रास बोलली जाणारी गोष्ट. चार हजारांची खोली वीस टक्क्यांनी गेली की आठशे त्यांचे, त्या आठशेंवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी १४४. हॉटेलच्या हाती ३,०५६. यातून भागेल म्हणून मालकाने थेट फोन करणाऱ्याला साडेतीन हजारांत खोली देऊ केली, तर साइट म्हणे, करार वाचा. आमच्यापेक्षा कमी दर कुठेही लावता येणार नाही. हॉटेलवाले गप्प बसले नाहीत. त्यांच्या संघटनेच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी केली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबीबोला २२३ कोटी ४८ लाख आणि ओयोला १६८ कोटी ८८ लाख रुपयांचा दंड ठोठावला. समान दराची ही कलमं काढून टाका, असाही आदेश त्यात होता. कंपन्या अपिलात गेल्या. युरोपात अशाच कलमांवरून जर्मनी, फ्रान्सने आधीच हत्यार उपसलं होतं.

पण साइटांना शिव्या घालून मी मोकळी होणार नाही, कारण पेन्सिलीचं राज्य मी आतून पाहिलंय. फोनवर आडनाव ऐकून ‘जागा नाही हो’ म्हणायचे हुकूम असत. समोर चार्टवर चार खोल्या मोकळ्या, आणि तोंडाने नाही. जोडप्यातल्या बाईचं आडनाव वेगळं निघालं की उलटतपासणी. एकट्या बाईला तर खोली द्यायचीच नाही असा कित्येकांचा नियम होता. का, ते कोणी सांगत नसे. त्या बाईला पडद्यावर खोली दिसते, पैसे भरले की नक्की होते, आणि चादर मळकी निघाली तर ती चारचौघांत लिहूनही टाकते. ‘थेट’ या शब्दाचं कौतुक ज्यांना फोनवर कधी ‘नाही’ ऐकावं लागलं नाही, तेच जास्त करतात.

भाचरांना मी सांगते ते एवढंच: साइटवर बघा, दर लिहून घ्या, मग हॉटेलला फोन करा आणि तोच आकडा सांगा. मालक शहाणा असेल तर तुमचे दोनचारशे वाचतील, नाहीतर सकाळचा नाश्ता पदरात पडेल. परतावा, रद्द करणं यांची भानगड असेल, अनोळखी गावी चालला असाल, तर साइटच बरी; भांडायला कोणीतरी मोठं असतं. आणि गूगलवर सापडलेल्या कुठल्याही नंबरावर पैसे धाडू नका, हॉटेलच्या नावाने भामटे बसलेत.

आता हॉटेलवालेही वस्ताद झालेत. पाहुणा साइटवरून येऊ दे, काउंटरवर रजिस्टर भरताना मोबाइल नंबर द्यावाच लागतो. तो संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपच्या यादीत जातो. दिवाळीला दिव्याचं चित्र आणि खाली ‘थेट बुकिंगवर दहा टक्के सूट’. फेब्रुवारीचं टॅरिफ कार्डच ते, पोस्टखर्च वाचवून.

मालक गेल्यावर दोघा मुलांची वाटणी झाली. खोल्या निम्म्या-निम्म्या, घोड्यांच्या तबेल्याची जागा थोरल्याला, दादरचा गाळा धाकट्याला, इथवर वकिलाच्या एका बैठकीत उरकलं. मग अडलं ते बुकिंगच्या नंबरावर. सिम थोरल्याच्या नावावर होतं, पण यादी धाकट्याने वाढवलेली, आणि ती सोडून देऊन नवा नंबर घ्यायला दोघांतलं कोणी तयार नाही. मध्यस्थी करायला त्यांनी मला बोलावलं. तीन तास बसले, चहा दोनदा झाला, आणि अखेर असं ठरलं की एक वर्ष फोन एकाकडे, एक वर्ष दुसऱ्याकडे. सध्या धाकट्याची पाळी आहे.