कार्ट्रिज विरुद्ध सीडी: ‘चांगलं तंत्रज्ञान जिंकतं’ हे उत्तर का पुरत नाही?

संशोधनाची तयारी करताना ‘अमुक तंत्रज्ञान का टिकलं?’ असा प्रश्न कधी ना कधी तुमच्यासमोर येणारच. तेव्हा मनात येणारं पहिलं उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं: ते चांगलं होतं म्हणून टिकलं. आज हे उत्तर एका उदाहरणावर तपासून बघूया. उदाहरण आहे व्हिडिओ गेमच्या कन्सोलचं. त्यातल्या मुख्य कंपन्या दोन, निन्टेंडो आणि सोनी.

कन्सोलचं ‘माध्यम’ म्हणजे गेम ज्यात साठवून विकला जातो ती वस्तू. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायच्या गेममध्ये जी ‘कॅसेट’ घालायचे, ती खरं तर कार्ट्रिज. आत फीत वगैरे काही नसते, एका छोट्या सर्किट बोर्डावर रॉम चिप बसवलेली असते. पुढे कार्ट्रिजची जागा सीडीने घेतली. सीडी स्वस्त, सीडीत जागा जास्त, म्हणून सीडी जिंकली. सगळीकडे सापडणारी कथा एवढीच आहे. आता ती जरा उसवून बघू.

कुलूप आणि किल्ली

निन्टेंडोचा फॅमिकॉम जपानमध्ये १९८३ साली आला. त्यात कार्ट्रिज अस्सल आहे की नाही हे तपासणारी चिप नव्हती. १९८५ साली अमेरिकेत आलेल्या आवृत्तीत मात्र ती होती: एक चिप कन्सोलमध्ये, दुसरी कार्ट्रिजमध्ये. दोघींचा मेळ बसला नाही तर कन्सोल पुन्हा पुन्हा रीसेट होत राहायचा.

याचा परिणाम तांत्रिक कमी आणि व्यापारी जास्त होता. अमेरिकेत गेम काढायचा तर प्रकाशकाला कार्ट्रिज निन्टेंडोकडूनच बनवून घ्यावी लागे. पैसे आधी भरायचे, नग आधी ठरवायचे आणि माल यायची वाट बघायची. गेम चालला नाही तर उरलेला माल प्रकाशकाच्या गळ्यात. अपेक्षेपेक्षा जास्त चालला, तर नवा माल येईपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडे वळलेलं. म्हणजे जोखीम प्रकाशकाची आणि किल्ली निन्टेंडोची.

१९९१ची फारकत

सुपर फॅमिकॉमची ध्वनी चिप सोनीची होती आणि त्यामागे केन कुतारागी हे अभियंते होते. या संबंधातूनच १९८८ साली दोन्ही कंपन्यांनी सीडी ड्राइव्हसाठी करार केला. त्यातली कळीची बाब अशी की सीडीवरच्या गेम्सचा परवाना देण्याचे अधिकार सोनीकडे जात होते. जून १९९१मध्ये शिकागोच्या ग्राहक इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात सोनीने ‘प्ले स्टेशन’ नावाच्या यंत्राची घोषणा केली. दुसऱ्याच दिवशी निन्टेंडोने जाहीर केलं की आपण सीडीसाठी फिलिप्सबरोबर काम करणार.

इथे जरा थांबा. फिलिप्स म्हणजे सोनीच्या जोडीने सीडी विकसित करणारी कंपनी. निन्टेंडोला सीडी नकोच असती तर ती फिलिप्सकडे कशाला गेली असती? तिचा आक्षेप सीडीला नव्हता, किल्ली सोनीच्या हातात जाण्याला होता. संशोधनात अशा कृती फार मोलाच्या असतात. कंपनी निवेदनात काय म्हणते हा एक पुरावा, आणि ती प्रत्यक्षात कोणाच्या दारात गेली हा दुसरा. दोन्हींत तफावत दिसली तर दुसऱ्याला जास्त वजन द्या.

सोनीने मग स्वतःचा प्लेस्टेशन डिसेंबर १९९४मध्ये बाजारात आणला. निन्टेंडो-फिलिप्सचा ड्राइव्ह कधीच विक्रीला आला नाही आणि १९९६च्या निन्टेंडो ६४मध्ये पुन्हा कार्ट्रिजच आली.

आकडे काय सांगतात?

सीडीत साधारण ६५० एमबी मावायचे. निन्टेंडो ६४च्या सगळ्यात मोठ्या कार्ट्रिजमध्ये ६४ एमबी, आणि ‘सुपर मारिओ ६४’ तर ८ एमबीचाच. पण वेगाचं गणित उलटं आहे. प्लेस्टेशनचा ड्राइव्ह सेकंदाला ३०० केबी वाचायचा आणि मुख्य मेमरी होती २ एमबी. नुसता भागाकार केलात तरी ती पूर्ण भरायला जवळपास ७ सेकंद लागतात. कार्ट्रिजमध्ये ही वाट बघणं जवळजवळ नव्हतंच. शिवाय कार्ट्रिजमध्ये जादा चिप घालता यायची. १९९३चा ‘स्टार फॉक्स’ अशाच सुपर एफएक्स चिपवर चालला. म्हणजे ‘चांगलं’ कोणतं, हे आपण काय मोजतो त्यावर ठरतं.

जागेची अडचणही अगदीच अभेद्य नव्हती. प्लेस्टेशनवर दोन सीडींत असलेला ‘रेसिडेंट एव्हिल २’ १९९९ साली ६४ एमबीच्या एका कार्ट्रिजमध्ये बसवून दाखवला गेला. मात्र एवढी मोठी कार्ट्रिज महाग पडायची आणि तेवढं आकुंचन करायला मेहनतही तशीच लागायची.

प्रतिउदाहरणं शोधा

आता मूळ गृहीतकाची खरी परीक्षा. सीडी असणं पुरेसं असेल, तर सीडी वापरणारे इतर कन्सोलही जिंकायला हवे होते. एनईसीने पीसी इंजिनला सीडी ड्राइव्ह १९८८ सालीच जोडला होता. सेगाने मेगा ड्राइव्हला १९९१मध्ये जोडला. १९९३ साली ३डीओ आला, तोही सीडीवर, अमेरिकेतली किंमत ६९९ डॉलर. सेगा सॅटर्न तर प्लेस्टेशनच्या काही दिवस आधी, नोव्हेंबर १९९४मध्ये आला. यातला एकही प्लेस्टेशनच्या जवळपास पोचला नाही. प्लेस्टेशन १० कोटींहून अधिक विकला गेला, निन्टेंडो ६४ सुमारे ३ कोटी ३० लाख.

तेव्हा सीडी हे पुरेसं कारण नाही. मग वेगळं काय होतं? किंमत होती: १९९५ साली अमेरिकेत प्लेस्टेशन २९९ डॉलरला जाहीर झाला, सॅटर्न ३९९ला. दोन प्रोसेसरांच्या सॅटर्नसाठी प्रोग्राम लिहिणं अवघड होतं, हेही होतं. आणि प्रकाशकांना मिळालेल्या अटी होत्या. डिस्क छापणं स्वस्त आणि झटपट असल्यामुळे सुरुवातीला थोडा माल काढायचा, खपला तर लगेच आणखी छापायचा, हे शक्य झालं. प्रकाशकाच्या गळ्यातली जोखीम हलकी झाली. ‘फायनल फँटसी’चे आधीचे सहाही मुख्य भाग निन्टेंडोच्या कन्सोलवर काढणाऱ्या स्क्वेअरने सातवा भाग १९९७ साली प्लेस्टेशनवर आणला, तीन सीडींमध्ये.

पण म्हणून सोनीने दार सताड उघडं ठेवलं असं समजू नका. प्लेस्टेशनच्या अस्सल डिस्कच्या सुरुवातीच्या भागात खाचेला एक ठरावीक डोलणं दिलेलं असायचं, त्यात प्रदेशाचा संकेत लपवलेला असायचा. घरच्या सीडी रायटरला तो उमटवता येत नसे. म्हणजे कुलूप गेलं नाही, चिपमधून खाचेत आलं. स्पर्धेमुळे बदलल्या त्या कुलपाच्या अटी.

पुढची फेरी

हाच धागा पुढेही दिसतो. २००६च्या प्लेस्टेशन ३मध्ये सोनीने ब्लू-रे घातली. त्या वेळी चित्रपटांच्या डिस्कसाठी ब्लू-रे आणि तोशिबाची एचडी डीव्हीडी यांच्यात चुरस चालू होती. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६०साठी एचडी डीव्हीडीचा ड्राइव्ह वेगळा विकला, गेम्स मात्र साध्या डीव्हीडीवरच ठेवले. फेब्रुवारी २००८मध्ये तोशिबाने माघार घेतली. इथे गेमचं माध्यम ठरवण्यात चित्रपटांच्या बाजारातल्या भांडणाचाही मोठा हात होता.

आज डिस्कही मागे पडतेय आणि गेम डाउनलोड होतोय. मार्च २०२३मध्ये निन्टेंडोने ३डीएस आणि वी यू यांच्या ऑनलाइन दुकानातली खरेदी बंद केली. फक्त तिथेच मिळणारे गेम आता नव्याने विकत घेता येत नाहीत. फॅमिकॉमची कार्ट्रिज चाळीस वर्षांनंतरही हातात घेऊन उघडता येते, दुकान बंद झालेल्या गेमचं तसं नाही. या काळावर उद्या कोणी प्रबंध लिहायला घेतला तर त्याची साधनं कुठे असतील, याचा निर्णय कंपन्या आजच करत आहेत.

तुमचा विषय गेमचा नसेल, बॅटरीचा असेल, बियाण्यांचा असेल किंवा सॉफ्टवेअरचा. पद्धत हीच वापरा. जिंकलेल्या तंत्राचे गुण मांडायच्या आधी, तेच गुण असून हरलेल्यांची यादी करा. मग उत्पादन कोणाच्या हातात होतं आणि तोटा झाला तर तो कोणाच्या माथी जात होता, हे शोधा. प्रकरणाचा पहिला कच्चा मसुदा या दोन कागदांवरून लिहायला घ्या.